बोयाची खबर

ओट्यावरचा फोन थरथरला आणि त्याच्याखालचं डब्याचं झाकण खडखडलं. दुपारचं निजलेलं घर दचकलं. तापाने फणफणलेल्या लेकीला थोपटत तिने मेसेज वाचला. तळ्यातला बोया कळवत होता, पाण्यातला प्राणवायू झपाट्याने उतरतोय.

पाण्यावर तरंगत मोजमाप घेणारा हा पिवळा बोया लेक पोटात असताना तिने याच ओट्यावर जोडला होता. पण दर पंधरवड्याला त्याच्या सेन्सरवर शेवाळ चढे आणि तो उगाच बोंब ठोके. मग होडीतून जाऊन त्याला घासूनपुसून यावं लागे. आज ते कसं जमणार?

तेवढ्यात तळ्यात मासे वाढवणाऱ्या सोमातात्यांचाच फोन आला. “ताई, आभाळ दाटलंय, वारं पडलंय. मासं काढून घेऊ का? वर्षाची मेहनत हाय. तुमचं यंत्र काय म्हणतंय?”

“त्याला काय, सवयच आहे उगाच रडायची, तात्या. मासे वाढू द्या अजून.”

“तुम्ही म्हणाल तसं.”

सकाळी ताप उतरलेल्या लेकीला कडेवर घेऊन ती तळ्यावर पोचली, तर पाणी दिसतच नव्हतं. नुसती माशांची पांढरी पोटं. तात्यांनी होडी पाण्यात घातली आणि बोया काठाशी ओढून आणला. तिने पुसायला ओढणी पुढे केली. सेन्सरची काच लख्ख होती.

“परवाच घासलाय मी,” तात्या हळूच म्हणाले. “पोर तापलीय असं कळलं. म्हटलं, तुमचा हेलपाटा वाचंल.”

लेकीने बोयाकडे बघितलं, मग माशांकडे.

“आई, यानं तुला सांगितलं नाही का गं?”