मारबतीच्या दुसऱ्या दिवशी

मॅडम ऑफिसात गेल्या आणि जितेंद्रने तिसरीच्या वर्गाचं दार ओढून घेतलं.

“पिवळी मारबत आली बे,” तो म्हणाला.

मिनल कावीळ होऊन महिन्याने शाळेत आली होती. डोळ्यांत अजून पिवळेपणा होता. मारबतींची मिरवणूक कालच निघाली होती. बापाच्या खांद्यावर बसून सगळ्यांनी ती पाहिली होती. रोगराई घेऊन जा म्हणत लोक त्या मोठ्या बाहुल्यांना नेतात आणि जाळतात.

साहिलने मिनलला बाकावरून ओढलं. शेजारच्या गार्गीने तिचा हात धरला, पण तो सुटला. महिनाभर मिनलची जागा गार्गीनेच धरून ठेवली होती.

मिनल फरशीवर पडली. तिने दोन्ही हातांनी पोट झाकलं. पोटाला मार लागू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“रोगराई घेऊन जा गे मारबत,” म्हणत जितेंद्रने दप्तर हाणलं. मग सगळेच तुटून पडले. कोणी पट्टीने, कोणी पाण्याच्या बाटलीने. कंपासपेटीचा कोपरा मिनलच्या भुवईला लागला. रक्त आलं. रक्त पाहून कोणी थांबलं नाही, उलट जोर चढला.

गार्गी बाकावर उभी राहिली.

“तुम्हाले खेळताच येत नाही,” ती म्हणाली.

“काहून?”

“पिवळी एकटी निघते काय? काळी कुठी हाये?”

हात थांबले. खरंच, काल दोन होत्या.

“मी हावो ना काळी. रोजच तं म्हणता मले.”

कोणीतरी फिस्सकन हसलं. जितेंद्रने थोडा विचार केला. “बरोबर हाये,” तो म्हणाला. “बस मंग तिच्याजवळ.”

गार्गी खाली उतरली आणि मिनलच्या डोक्याशी गुडघे टेकून बसली. पहिली बाटली तिच्या पाठीत बसली. दुसरी मानेवर.

“पागल झाली काय वं?” मिनल हुंदके देत म्हणाली.

“चूप राह. तू पोट धर. तुयं तोंड मी झाकतो.”

तिने दोन्ही तळवे मिनलच्या तोंडावर ठेवले. समोर जितेंद्र पट्टा धरून दप्तर गरगर फिरवत होता. ते आपल्याकडे येताना गार्गीला दिसलं. तिने डोळे मिटले. हात काढले नाहीत.