भरपूर अंतर

ट्रेलरवर जनरेटर चढवून मी पिकअप काढली, तसे आमचे दाजी त्यांच्या गाडीतून मागोमाग निघाले. "एवढं ओझं ओढणं एकटीला झेपायचं नाही तुला," म्हणाले, आणि फोनवर त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. वळण मोठं घे, आरसे बघ, उताराला गिअर खाली आण. लाल सिग्नल दिसला, मी सावकाश थांबले.

"शाब्बास. आता कायमचं लक्षात ठेव, पुढच्या गाडीपासून नेहमी भरपूर अंतर..."

धाडकन ट्रेलरला मागून धक्का बसला.



जनरेटर पोचवून परतताना त्याच ट्रेलरवर दाजींची गाडी होती, आणि माझ्या शेजारी बसून दाजी सांगत होते, "बेताने घे गं. मागून लोक कशीही येतात."