नावानं हाक

घोटावड्यात विहीर खणताना दरड कोसळली आणि गेणबा खाली गाडला गेला. पुण्याच्या बंबखान्याची सुटका करणारी टोळी आली. तिच्याही हाकांना उत्तर आलं नाही.

"ओ आल्याशिवाय माझा एकही माणूस उतरणार नाही," टोळीचा जमादार गुरकावला. "ए बाई, तू बायको ना त्याची? मार हाक!"

साळूनं कडेवरचं पोर सावरलं. "अवं..."

"असल्या हाकेला गावातला कुठलाही नवरा ओ देईल. नावानं मार!"

"नाव घेतलंस तर घरात घ्यायची न्हाई," सासू कडाडली.

साळू काठावर वाकली. "गेणबाऽऽ!"

मातीखालून क्षीण आवाज आला, "भवाने, नवऱ्याचं नाव घेतीस व्हय?"

"दोर सोडा!" जमादार ओरडला. "त्याला बोलता ठेवा!"

सासूनं सुनेला पुढं ढकललं. "गप का, भवाने? पुन्यांदा घे!"