किडनीचा मालक

"घे आक्का, पूर्ण संपव," कारभारी माइकवर म्हणाला आणि पाण्याचा ग्लास त्यानं बहिणीच्या हातात दिला. "लोकान्ला दिसू दे माझी किडनी कशी चालती ती."

समोरचे शे-दीडशे लोक हसले. अवयवदानाचा कार्यक्रम होता. छत्रपती संभाजीनगरातल्या एका दवाखान्याचं सभागृह एका संस्थेनं त्यासाठी घेतलं होतं, आणि दोन वर्षांपूर्वी मोठ्या बहिणीला किडनी देणारा पाचोडचा कारभारी हा प्रमुख पाहुणा होता. आशाबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. पुरावा म्हणून कारभारीनंच त्यांना मुकुंदवाडीहून रिक्षात घालून आणलं होतं.

आशाबाईंनी ग्लासाकडं पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, आणि डोळे मिटून पाणी पिऊन टाकलं. टाळ्या पडल्या.

"आपरेशन झालं तव्हा डॉक्टरनी सांगितलं होतं, दिवसाला तीन लिटर पाणी पाजा," कारभारी रंगात आला. "पण ही लई आळशी. मग मी दर पंधरा दिवसाला येतो, समोर बसतो आन तांब्या रिकामा करून घेतो. काल सांजच्याला आलो, तव्हापासून चार तांबे झाले. आता चेहरा बघा कसा भरलाय!"

चेहरा भरला होता हे खरं. पायही भरले होते, चपलेत मावत नव्हते. कारभारीला त्याचंही कौतुक होतं.

तसा माणूस वाईट नव्हता. आक्कावर त्याचा जीव होता. दाजींना साखर निघाली, त्यांची किडनी चालणार नाही म्हणाले, तेव्हा कुणी विचारायच्या आत हा तपासणीला जाऊन उभा राहिला. पण नंतर सत्कार सुरू झाले, आणि शालीची ऊब कुणाला नको असते? किडनी आक्काच्या पोटात गेली, मालकी मात्र पाचोडलाच राहिली. लोणचं खायचं नाही, माझी किडनी आहे. लग्नाला जायचं नाही, तिथं धूळ असते, माझी किडनी आहे. घरात बटाट्याची भाजी करायची तर दाजींनी आधी फोन करून विचारावं, अशी त्याची साधी अपेक्षा होती. "किडनी डॉक्टरनी काढली, अक्कल मी माझ्या हातानं काढून दिली," असं, हे सगळं होऊन गेल्यावर, आता तो आक्कासमोरच सांगतो आणि ऐकणाऱ्याच्या आधी स्वतः हसतो.

"कारभाऱ्या, मला तीनला निघायचंय," आशाबाई हळूच म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "काम हाय जरा."

"सत्कार राह्यलाय आजून!"

"तू घे की. तुझाच हाय." त्या खुर्चीला धरून उठल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

कारभारीच्या मनाला फार लागलं. एवढं करून बहिणीला तासभर बसवत नाही! दान केलं की ते विसरून जावं, या विषयावर तो आणखी चाळीस मिनिटं बोलला.

मग शाल अंगावर आणि नारळ हातात घेऊन तो तिला शोधायला खाली आला. दोन शब्द सुनावायचेच, असं त्यानं जिन्यात ठरवलं होतं. तळमजल्यावर एका बंद दाराबाहेर बाकावर दाजी बसलेले दिसले. त्यांच्या मांडीवर आशाबाईंच्या बांगड्या होत्या. त्याला बघून दाजी ताडकन उठले.

"चला, च्या घेऊ," ते म्हणाले आणि दारासमोर आडवे झाले. दोन वर्षांत दाजींनी त्याला कशालाच अडवलं नव्हतं. कारभारी घाबरला आणि त्यांना बाजूला सारून आत शिरला.

आत ओळीनं खाटा होत्या. तिसऱ्या खाटेवर आक्का होती. तिच्या दंडातून रक्ताच्या नळ्या निघून मशीनमध्ये जात होत्या आणि परत येत होत्या. हे डायलिसिसचं मशीन कारभारीच्या ओळखीचं होतं. यापासून तिला सोडवायलाच तर त्यानं किडनी दिली होती.

तनुजा नावाची नर्स त्याच्याकडं पाठ करून बोलत होती. "चार किलो, आशाबाई! दोन दिवसांत चार किलो पाणी अंगात. लघवी होत नाही तुम्हाला आता, हे पाणी जाणार कुठं? मागच्या महिन्यात फुप्फुसात पाणी झालं, आयसीयूतून परत आलात. दर वेळी नशीब साथ देत नाही. दिवसाला अर्धा लिटर सांगितलं होतं ना? कोण पाजतं तुम्हाला एवढं?"

आशाबाईंची नजर दाराकडं गेली. भावाला बघून त्यांनी ती पटकन वळवली.

"कुणी नाय," त्या म्हणाल्या. "मलाच तहान लागती."

कारभारी खाटेच्या पायथ्याशी बसला.

"कव्हापासून?"

"दिवाळीपासून. तुझी किडनी नाय धरली रे माझ्या अंगानं. लई जपली, पण नाय धरली."

"आन मी पाजत गेलो, तू पीत गेलीस?" तो रडायलाच लागला. "मेली असतीस आक्का! एकदा नाय म्हणायला काय झालं व्हतं तुला?"

आशाबाईंनी मोकळ्या हातानं त्याचं मनगट धरलं.

"येड्या, ज्याची किडनी घेतली, त्याला नाय कोणत्या तोंडानं म्हणू?"