डावा खांदा

"काका, ही कुठली नवी फॅशन काढलीत?" गिऱ्हाईकबाई पडद्यामागून फणफणतच बाहेर आल्या. पांढऱ्या सुती कापडाचा डिझायनर ब्लाऊज. बोट नेक, पाठीला जाळी, बाह्यांवर बारीक चुण्या, सगळं सांगितल्याबरहुकूम. फक्त डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला अर्धा इंच उतरलेला.

"माप घेताना दहादा टेप फिरवलीत. माझे दोन्ही खांदे देवाने सारखेच दिलेत हो!"

टेलरकाकांनी वही उघडली. बाईंचं माप तिथे शहाण्यासारखं बसलेलं होतं. कापताना त्यांनी पान उघडलंच नव्हतं. पांढरं सुती कापड समोर आलं की त्यांची कात्री तीस वर्षं एकाच मापावर चालत आली होती.

"चुकलं, ताई. माझ्या कापडाचा दुसरा शिवून देतो."

"आणि ह्याचं काय करणार? असा उतरता खांदा असतो तरी कुणाचा?"

काकांनी ब्लाऊजची नीट घडी घातली. बायको गेल्याचं त्यांनी लांबच्या मावसभावापर्यंत सगळ्यांना कळवलं होतं. हातांना सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.