लोला आसियांगचं नाक

लोला आसियांगने हेकरू माशाचा कल्ला बोटाने उघडला आणि त्यात नाक खुपसलं. किनाऱ्यावरची कुजबुज थांबली.

तिच्या मागे सगळं बुगनाय गाव उभं होतं. उलांडीच्या, म्हणजे तोलासाठी बाजूला तरता दांडा बांधलेल्या, बावीस होड्या वाळूवर तयार होत्या, जाळी आत चढवलेली. तेलाचा टँकर मालवाहू जहाजावर आदळून फुटला, त्याला तीन महिने झाले. तेव्हापासून मासेमारी बंद. समुद्राच्या कुशीतलं गाव मदतीच्या पेटीतले डबाबंद मासे खात होतं. यापेक्षा मोठी थट्टा कुठली!

परवा बंदी उठली. पण बंदी उठली म्हणून गिऱ्हाईक लगेच मासा घेत नाही. म्हणून आज शहरातला व्यापारी तिबोर स्वतः आला होता. वीस वर्षं या गावचा माल उचलणारा भला माणूस. येताना पोरांसाठी पावांची भली मोठी पिशवी घेऊन आला. तेल आल्यापासून बाहेरचं कुणी इकडे फिरकत नव्हतं. मदतीची बोटसुद्धा धक्क्यावर पेट्या टाकून लगेच माघारी वळायची. त्यामुळे तिबोरला बघूनच लोकांना भरून आलं.

बोटीतून उतरल्यापासून त्याच्या नाकावर रुमाल होता.

"सर्दी झाली का रे?" लोलाने विचारलं. सगळ्या गावाची ती आजी. कुणालाही अरे-तुरे करायची.

"हं, थोडीशी," तो रुमालाआडूनच म्हणाला. "म्हणून तर तुम्ही हव्यात, लोला. बाजारात गिऱ्हाइकं एकच विचारतात, आसियांगने वास घेतलाय का? तुम्ही हो म्हणा, उद्यापासून सगळा माल माझा."

चाळीस वर्षांचा रिवाज होता तो. मासा धक्क्यावर आला की आधी लोलाच्या नाकाखाली जायचा. तिने नाक मुरडलं की परत पाण्यात, मग तो पोटच्या पोराने आणलेला का असेना. त्यावरून तिचा रूफो दोनदा न जेवता झोपला होता. आजचा हेकरूही त्यानेच पहाटे धरून आणलेला.

लोलाने श्वास ओढला. काहीच नाही. पुन्हा ओढला. तेल नाही, रक्त नाही, समुद्रसुद्धा नाही.

तिला हे आठ दिवसांपासून ठाऊक होतं. तव्यावर सुका मासा जळून कोळसा झाला, शेजारी तांदूळ निवडणारी सून धुराने खोकायला लागली, तेव्हा कुठे लोलाने मागे वळून पाहिलं. त्या दिवसापासून ती धास्तावली होती. कुणाला सांगणार? दोन महिने लहानथोर सगळे नारळाच्या सोडणांनी खडक घासत होते. तेलाच्या उग्र वासाने डोकं ठणकायचं. पंधरा दिवसांपूर्वी किनाऱ्यावरचा वास एकदाचा गेला, यावर सगळ्यांचं एकमत झालं. चर्चमध्ये मेणबत्त्या लागल्या. गावाचा जीव भांड्यात पडला होता, त्यात आपलं रडगाणं कुठे गायचं?

"बोल ना लोला, पोरं ताटकळलीत," गावकारभारी एल्पिद्यो मोठ्याने म्हणाला. मग खाली वाकून हळूच पुटपुटला, "चांगला आहे म्हण आणि मोकळी हो. मासा चांगलाच असणार. वास केव्हाच गेलाय."

लोलाने मुलाकडे पाहिलं. रूफोचा एक हात उलांडीवर होता. जत्रेला निघालेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्याचा. एक शब्द, की बावीस होड्या पाण्यात. आणि त्या माशाच्या पोटात तेलाचा एखादा थेंब असला तर? शहरात कुणाचं तरी लेकरू तो मासा खाणार होतं, आसियांगने वास घेतलाय म्हणून.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारपणी दात जातात, कान जातात, त्याचं तिला काही नव्हतं. पण नाक गेल्यावर तिच्याजवळ उरलंच काय होतं?

"मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "माझं नाक गेलंय."

कुणाला काही समजेना. "आई, आज कसली थट्टा करतेस?" रूफो जवळजवळ ओरडलाच.

लोलाने होडीच्या कोपऱ्यातलं फडकं उचललं. खडक पुसून पुसून ते काळंकुट्ट, चिकट झालं होतं. सगळ्यांच्या देखत तिने ते नाकाला घट्ट लावलं. "हे बघ. याचाही वास येत नाही मला."

"काहीतरीच काय! आण इकडे. हे तर लांबूनच भसकन…" रूफोने फडकं हिसकावून नाकाशी धरलं.

त्याचं वाक्य अर्धंच राहिलं. त्याने पुन्हा हुंगलं. मग फडकं बायकोच्या हातात दिलं. तिने हुंगून ते एल्पिद्योकडे दिलं. एल्पिद्योचा चेहरा उतरला. फडकं हातोहात पुढे जात राहिलं, म्हाताऱ्यांकडून तरण्यांकडे, तरण्यांकडून पोरांकडे. कुणीच तोंड वाकडं केलं नाही.

फडकं शेवटच्या माणसापर्यंत पोचलं, तेव्हा सगळ्यांच्या नजरा तिबोरकडे वळल्या.

त्याने रुमाल खाली घेतला. लगेच त्याचे डोळे पाणावले.

"मला सर्दी नाही, लोला," तो म्हणाला. "किनाऱ्याचं ते समोरचं टोक ओलांडायच्या आधीच या वासाने बोटीत नाक दाबावं लागलं. मला वाटलं, तुम्हाला सवय झाली असेल."