पट्टी कुठेही न्या

“बाई, ती पट्टी ओढायची असते. टोचायची नसते.”

प्रोग्रामरने हे तिसऱ्यांदा सांगितलं. लग्न जुळवणाऱ्या बाईंनी माउस नीट धरला आणि उंचीचा स्लायडर उजवीकडे ओढला. स्क्रीनवरची बुटकी स्थळं गळाली. पगाराचा ओढला, आणखी गळाली. बाईंना मोठी गंमत वाटली. प्रोग्रामरला कीव आली. असल्या माणसांसाठी आपण डोकं झिजवायचं!

“पण पान खाली न्यायला चाक फिरवलं की वयाची पट्टीच सरकते हो.”

“मग पट्टीवर माउस ठेवून चाक फिरवता कशाला?”

“आणि शेजारी आकडा दिसला तर बरं होईल.”

“पट्टी दिसतेय ना? डोळे आहेत ना?”

हा शहाणा सगळ्याच गिऱ्हाइकांशी असा बोलायचा. स्लायडर ही त्याच्या मते बिनडोकांची सोय होती. विचार करायला नको, नुसतं इकडून तिकडे सरकवा.

बाईंच्या शेजारी बसून पट्ट्या ओढणाऱ्या मुलींबद्दल तर बोलायलाच नको. “उंची शेवटपर्यंत ओढतात, पगार शेवटपर्यंत ओढतात. आरशात कुणी बघत नाही,” तो घरी म्हणायचा.

“तू बघतोस का?” आई विचारायची.

आईला काय कळतंय!

त्याचंही स्थळ बाईंकडे होतं, पण कुणी पट्टीला नुसता हात लावला तरी ते आधी गळायचं. त्यातून धाकट्या भावाचं लग्न ठरलं. हॉलसुद्धा बुक झाला. तिथे आपण बिनलग्नाचे थोरले म्हणून फिरायचं आणि झाडून सगळ्या मावश्या-आत्यांनी “तुझं कधी रे?” विचारायचं, या विचारानेच त्याला घाम फुटायचा. त्या लग्नाच्या आत आपलंही ठरलंच पाहिजे, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

मग त्याने प्रोग्राममध्ये एक ओळ गुपचूप घुसडली. आता पट्टी कुठेही न्या, यादीत पहिला तोच. मोठा फोटो, आणि खाली त्याने स्वतः लिहिलेला मजकूर: ‘मला मूर्ख माणसं सहन होत नाहीत. मुलीला थोडीतरी अक्कल असावी.’ बाईंना हे सात जन्मांत कळलं नसतं.

बाईंचा धंदा मात्र भलताच वाढला. ऑफिसात बसायला जागा पुरेना. वर्षानुवर्षं अडलेली स्थळं पटापट जुळायला लागली. एरवी नाकं मुरडणाऱ्या मुली पहिल्याच भेटीत होकार देऊ लागल्या.

“तुमच्या पट्टीत जादू आहे हो,” बाई फोनवर म्हणाल्या.

“जादू नाही, डोकं लागतं,” तो म्हणाला.

पण त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही. एक साधा फोनही नाही. भावाचं लग्न आठवड्यावर आलं तेव्हा मात्र त्याचा धीर सुटला आणि तो तडक बाईंच्या ऑफिसात जाऊन उभा राहिला.

“जगाची जुळवताय, मग माझंच घोडं कुठे अडलंय? माझं स्थळ दाखवता तरी का कुणाला?”

“अहो, म्हणजे काय! सगळ्यांत आधी तुमचंच दिसतं.”

“हो का?” त्याने साळसूद चेहरा केला. “ते कसं काय?”

“ते तुम्हालाच ठाऊक. तुम्ही वर दिसलात त्याच दिवशी मी सगळ्या पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन पाहिल्या, तुम्ही जागचे हलला नाहीत.”

आता ही बाई बोभाटा करणार, भावाच्या सासरपर्यंत जाणार.

“चुकून राहिलं असेल,” तो पुटपुटला. “सरका, आत्ताच्या आत्ता काढून टाकतो.”

“छे छे, हात लावू नका!” बाईंनी घाईघाईने माउस स्वतःकडे ओढला. “आधी तुम्हाला बघितलं, की पुढच्या स्थळाला पोरी मुकाट्याने हो म्हणतात.”